आमटीचा नारळ

— आत न्हाई, भाऊजी, आत न्हाई. हितंच बसा, ओट्यावर. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा. चपला राहू द्या हो पायात, माझ्या ओट्याला कसलं सोवळं आलंय! बसा. पानी घ्या. अन् त्या पिशवीत काय हाय? सफरचंदं ना? ठिवा तिकडं शेळ्यांच्या पाटीपाशी. रागवू नका, बिभीषण भाऊजी, पन खरं तेच सांगते — ह्या चार-पाच महिन्यांत ह्या घरात जेवढी सफरचंदं आली ना, तेवढी नगरच्या मार्केटात उतरली नसतील. ज्याच्या गळ्याखाली सोताची थुंकी उतरत न्हाई त्याला भेटाया येताना मानसं सफरचंदं आनतात. बिस्किटाचे पुडे आनतात. एक जन तर — नाव न्हाई घेत, तुमच्याच भावकीतला हाय — चिवडा घेऊन आल्ता. चिवडा! हसा, हसा, मी बी हसले हुते, आत जाऊन, तोंडाला पदर लावून. मानसांचा तरी काय दोष म्हना. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं जायाचं? जावं लागतं काहीतरी घेऊन. शेळ्या मातूर माजल्यात निसत्या. कडब्याला तोंड लावत न्हाईत आता.

माझं हातानं चालू राहू द्या हां, बोलता बोलता. हे मुगाचं पानी हाय. मूग मऊ शिजवायचे, मिक्सरातनं काढायचे, अन् मग ह्या पातळ फडक्यातनं गाळायचे, एकदा न्हाई, दोनदा. एवढंसं साल राहिलं तरी नळीत जाऊन बसतं. एकदा बसलं हुतं. मग काय — पारनेर, तिथनं नगर, दिवसभर उपाशी मानूस घेऊन बाकड्यावर. तो डॉक्टर मला म्हनला, बाई, ही नळी म्हणजेच आता त्यांचा घसा आहे असं समजा. ते काय डोक्यातनं जात न्हाई माझ्या. तवापासनं दोनदा गाळते अन् वर उजेडाला धरून बघते. पुरनाचं सुद्दा एवढं केलं न्हाई कधी. सासूबाई असत्या तर म्हनल्या असत्या, आता आला व्हय बायकूच्या हाताला गुन.

गप का बसलात? बोला की. न्हाई तर ऱ्हाऊ द्या, नका बोलू, मीच बोलते. तुमी कशाला आलात ते मला कळत न्हाई व्हय? नाथाचा भंडारा आला तोंडावर, ह्याच अमावस्येला. परवा देवळात बैठक झाली, आमच्याकडं कुनी निरोप घेऊन आलं न्हाई, पन झाल्याली कळली. अन् तुमी कमिटीत मोठे, त्यात ह्यांचे लहानपनापासनचे दोस्त — म्हनून तुमच्या गळ्यात पडलं. जा, भिमाजीच्या बायकूला गोड बोलून सांगून या. की वैनी, औंदा आराम करू द्या त्याला, औंदा आमटीला दुसरा आचारी बघतो आमी. हेच ना? बघा, बघा, मान खाली गेली. तुमाला खोटं बोलता येत न्हाई, भाऊजी, म्हनून तर तुमाला कमिटीत घेतलंय.

आता माझं ऐका. आमचा ओम पाळण्यात हुता तवापासनं नाथाच्या आमटीची काहील ह्यांच्या हाताखाली हाय, कमिटीचा आमटीचा नारळ दर साली ह्यांनाच येतो. आज ओम रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो, मिशा आल्यात त्याला. भाकऱ्या साऱ्या गावाच्या, घरोघरच्या — कुनाची जाड, कुनाची करपलेली, तुमच्या घरची तर नकाशागत — पन आमटी एका हातची. मानूस घरात असा, की मीठ कुठल्या डब्यात हाय इचारा, सांगता यायचं न्हाई. अन् काहिलीपाशी उभा राहिला की दुसराच कुनीतरी. चाखायची न्हाई! निवद दावायच्या आधी चाखली तर उष्टी झाली, नाथाला चालत न्हाई. मग तिखट-मीठ कशावर ठरवायचं? वासावर. त्या वाफेत तोंड घालायचं, डोळे मिटायचे, अन् जरा येळानं म्हनायचं — मीठ कमी हाय, दोन ओंजळी टाक. सारं गाव जेवतं, आजूबाजूच्या वाड्या जेवतात, अन् एवढ्या वर्सांत कधी आळनी झाली? कधी खारट झाली? सांगा ना. बैठकीत बोलायला तोंड हाय, हितं का न्हाई? मग आता काय बिघडलं? गळा गेलाय त्यांचा, भाऊजी. नाक न्हाई गेलं.

मला ठावं हाय खरं कारन काय ते. टाकीपाशी कानावर आलंय माझ्या. एक बया म्हनत हुती, कॅन्सरवाल्याच्या हातचं लेकराबाळांना कसं घालायचं. मी मागंच हुते, तिला दिसले न्हाई. मी हंडा ठिवला खाली अन् म्हनलं, का गं, तुझ्या लग्नाची पंगत कुनी रांधली हुती? तुझ्या सासऱ्याच्या दहाव्याचं जेवान कुनी केलं? तवा बोटं चाटलीस, अन् आता लेकरं आठवली व्हय तुला? लागत न्हाई तो आजार. मी त्यांच्या अंथरुनाला अंथरून लावून निजते. थुंकीचं भांडं धुते, नळीभवतीचं पुसते, उलटी काढते. लागायचा असता तर पयला मला लागला असता. अन् लागला असता तर बरं झालं असतं, असं बी कधी कधी — जाऊ द्या. काय बी बोलते मी.

न्हाई, तसं न्हाई म्हनायचं मला. निसतं थकले की असं तोंडातनं जातं.

तुमाला ठावंच हाय कसं सुरू झालं. आधी भाकरी अडाकली. म्हनले, घाईत खाल्ली. मग चुरून खायाला लागले, आमटीत बुडवून. मग भात अडाकला. मग दूध बी थांबून थांबून, छातीवर मूठ ठिवून. मी म्हनलं पित्त असंल. ते म्हनले पित्तच हाय. तवर शर्ट अंगावर टांगल्यागत दिसाया लागला. नगरला दुर्बीण घातली, तुकडा काढला, अन् सांगितलं, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. मला तर अन्ननलिका म्हंजे काय ते बी सांगावं लागलं. डॉक्टरनं इचारलं, तंबाखू खाता का? हे म्हनतात, थोडी. थोडी! शर्टाचे खिसे पिवळे पडल्यात, धुऊन धुऊन माझी नखं गेली, अन् म्हनं थोडी. तिथं बी मला हसू आलं बघा. हसू अन् रडू एकदमच. शेजारची बाई बघाया लागली, हिला काय झालं.

मग ते किमो. मग तो लाईटचा शेक — रोज जायाचं, रोज यायाचं, शनिवार-रविवार सुट्टी. गळ्याची कातडी भाजल्यागत काळी. आवाज गेला, आता निसता घोगरा वारा येतो. अन् पोटाला भोक पाडून नळी. नळीनं सारं जमत हुतं, भाऊजी, एक सोडून. मी जेवायची कुठं? ह्या घरात बसून भाकरी कशी खायाची मी, तो मानूस समोर असताना? मग मी शेळ्यांच्या छपरात जाऊन खायाची. खरंच. ताट पदराखाली, शेळ्यांच्या मधी उकिडवं बसून, चार घास कोंबायचे अन् तोंड धुऊन यायाचं. त्यांना वास आला. यायचाच. नाक कुनाचं हाय! एक दिवस छपराच्या दारात येऊन उभे राहिले, भिंतीला धरून, हातात नळीचं टोक. अन् म्हनले — तसं म्हनले, त्या वाऱ्यागत आवाजात — माझ्यासमोर खा. मी म्हनलं, न्हाई. म्हनले, माझ्यासमोर खा, विजू, मला बघू दे. तवापासनं समोर बसून खाते. हे बघतात. तोंडाकडं न्हाई बघत, हितं बघतात, गळ्याकडं. घास खाली उतरताना. मी गिळलं की त्यांचा बी गळा हलतो. रोज. दोन्ही येळा. तुमच्या बायकूला सांगा एकदा असं जेवून दाव म्हनावं.

पानी घेता का अजून? च्या करत न्हाई मी आता, माफ करा. च्याचा वास गेला आत की उठून बसतील.

तर मग — मधल्या दिवसांत बिनसलं त्यांचं. शेक संपला, घरी आलो, आता निसतं वजन वाढवायचं, वजन वाढलं तर ऑपरेशन, तो सडका भाग काढून टाकायचा अन् पोट वर ओढून जोडायचं. डॉक्टर म्हनले, गाठ आकसली आहे, संधी आहे, पण अंगात ताकद पाहिजे, असं हाडांवर मी सुरी चालवणार नाही. अन् ह्यांनी नळीला हात लावू देनं बंद केलं. चिमटा लावायचा अन् त्याच्यावर मूठ धरून भिंतीकडं तोंड करून पडायचं. म्हनलं, अवो घ्या. मान हलवायची. ओम आला, रडला, पाया पडला बापाच्या. मान हलवायची. म्हनले, हे काय जगनं हाय? वासरागत दूध ओतून घ्यायाचं पोटात. मला मरू द्या घरी. अन् ऑपरेशन तर नावच काढू नका. दोन दिवस गेले असे. तिसऱ्या दिशी ओठाला पापडी आली.

मग मी ते केलं.

तुमाला म्हनून सांगते. कुनाला बोलला तर माझं मेलेलं तोंड बघाल. मी पारनेरला गेले. म्हनलं औषध आनाया जाते. नारळ घेतला, सुपारी घेतली, एका पानावर ठिवली, अन् येताना नाथाच्या देवळावरनं आले. आत न्हाई गेले, भ्या वाटलं. बाहेरनंच हात जोडले. अन् घरी येऊन कुंकवाचं बोट लावून त्यांच्या हातात दिलं अन् म्हनलं, बिभीषण भाऊजी भेटले हुते फाट्यावर. कमिटीनं भंडाऱ्याच्या आमटीचा नारळ पाठवलाय. म्हनले, भिमाजीला सांगा, आमी दुसरा आचारी बघत न्हाई. तुमी हात नका लावू, काम पोरं करतील, तुमी निसतं काहिलीपाशी खुर्ची टाकून बसा अन् वासावर सांगा. — असं म्हनले म्हनलं तुमी. तुमच्या नावावर खपवलं. काय करता? घाला मला शिव्या. तुमी त्या दिशी फाट्यावर बी नव्हता, ठावं हाय मला.

लई येळ नारळ हातात धरून बसले. असा फिरवून फिरवून बघितला, बाजारात बघतात तसा. मला वाटलं, झालं, पकडली आता. मग माझ्याकडं बघितलं. मग नळीवरची मूठ सोडली. म्हनले, घाल.

तवापासनं एक बी येळ चुकवली न्हाई. सकाळचं दूध, मग हे मुगाचं, मग अंड्याचं पांढरं, मग नाचनीची पेज, सारं गाळून गाळून. उठून अंगनात चालतात. मला चुलीपाशी बसवून फोडनी करायला लावतात अन् आपन बाजंवर बसून सांगतात, थांब, मसाला कच्चा हाय अजून. मागच्या येळी काट्यावर उभं केलं तर डॉक्टर म्हनले, वा! निसतं वा म्हनले, अन् मला एवढं बरं वाटलं, की बाहेर येऊन एक भजं खाल्लं मी गाड्यावरचं. अन् परवा — हे तुमाला सांगायचंच हुतं — परवा सकाळी माझ्या च्यातला एक चमचा मागितला. मी न्हाई म्हनत हुते. म्हनले, दे गं. दिला. तोंडात धरून ठिवला. मी भांडं घेऊन तयार, आता येतोय भाईर. न्हाई आला. गेला खाली. एक चमचा च्या, भाऊजी, गळ्यातनं खाली गेला! आमी दोघं एकमेकांकडं बघत बसलो, खुळ्यागत. दुसरा मागितला. तो बी गेला. तिसऱ्याला ठसका लागला, मग बास केलं. पन दोन गेले. त्या दिशी मी शेळ्यांना सांगितलं, कुत्र्याला सांगितलं. मानसांना न्हाई सांगितलं, नजर लागते.

म्हनून म्हनते, आत जाऊन त्यांना हे सांगू नका. हात जोडते. त्या नारळावर मानूस उभा हाय. तुमी काढून घेतला तर भिंतीकडं तोंड करतील परत, अन् मग मला दुसरं काय सुचायचं न्हाई. एवढंच करा — अमावस्येपर्यंत एक खुर्ची. आमटी तुमी कुनाकडनं बी करून घ्या, त्याला म्हनावं ह्यांच्याकडं बघून मान हलव निसती. एवढं न्हाई व्हायचं तुमच्याकडनं? अन् मग भंडारा झाला, की ऑपरेशन. तसं मी डॉक्टरांना सांगितलंय बी.

काय? हां, तारीख दिली हुती. दिली हुती त्यांनी आधीची. भंडाऱ्याच्या आधीचीच. सोमवारची. मी फोन करून पुढं ढकलली. डॉक्टर चिडले, म्हनले, बाई, ह्यात थांबून चालत नाही, गाठ थांबत नाही, आत्ता तब्येत साथ देते आहे. मी म्हनलं, साहेब, एवढा भंडारा होऊ द्या. ह्यांना न्हाई सांगितलं तारखेचं. कशाला सांगायचं? मला म्हनले असते, आधी भंडारा, मग बघू. मग मीच — आं? न्हाई, भंडाऱ्यासाठीच ढकलली. दुसरं काय कारन असनार?

असं बघू नका माझ्याकडं.

बरं. भ्या वाटतं मला. झालं? हे तुमाला तरी कशाला सांगते, ठावं न्हाई, पोटच्या पोराला सांगितलं न्हाई. छाती उघडनार, भाऊजी. बरगड्यांतनं. सा-सात तास. आमच्या शेजारच्या कॉटवर एक जन हुता श्रीगोंद्याचा, असाच, ह्यांच्यापेक्षा अंगानं बरा. आत गेला चालत, बायकूला म्हनला, मोबाईल सांभाळ. भाईर आलाच न्हाई. ती बाई मोबाईल धरून बसलेली, अन् तो वाजतोय हातात, सोयरे फोन करत्यात, झालं का म्हनून. ते बघितल्यापासनं माझं सारं अवसान गेलंय. हितं तरी हाय मानूस. बाजंवर हाय, घोगरं का हुईना बोलतोय, फोडनी जळाली म्हनून ओरडतोय. मी दोनदा काय, चारदा गाळीन. जलमभर गाळीन. म्हनून ढकलली तारीख. आमटीचं निमित्त. आमटीसाठी त्यांना नळी घ्यायला लावली, अन् आमटीसाठीच ऑपरेशन पुढं ढकललं. मीच जगवते अन् मीच — गाठ थांबत न्हाई म्हनले डॉक्टर. मला काय कळत न्हाई व्हय? कळतं. रात-दिस तेच कळतं.

काय म्हनलात?

कुनाचा फोन?

ह्यांचा? ह्यांनी तुमाला फोन केला? कवा? अवो पन त्यांना बोलता कुठं येतं धड — मी पानी आनाया गेल्ते तवा व्हय? शुक्कुरवारी? मग हे तुमी आल्या आल्या का न्हाई सांगितलं? — हां, मीच बोलू दिलं न्हाई. बरं, सांगा. सांगा आता. काय म्हनले?

आचारी दुसरा बघा म्हनले? त्यांनी सोता? अमावस्येला मी नसनार, मी ऑपरेशनला नगरला असनार, असं म्हनले? सोमवारची तारीख त्यांना कशी ठावं? — दवाखान्यातनं फोन आल्ता घरी. अन् त्यांनी उचलला. अन् ह्यांनी दवाखान्याला सांगितलं, सोमवारीच येतो. अन् मला चकार शब्द न्हाई! चार दिवस झाले माझ्याकडनं नळीनं पेज घेत्यात अन् तोंडावरची माशी हलत न्हाई. बघा. बघा ह्या मानसाला. — अन् तुमाला का फोन? पंगत उपाशी उठाया नको म्हनून? काहिलीला येळेवर मानूस पायजे म्हनून? मरायला टेकला तरी आचारीच हाय मेला.

पन थांबा. नारळ तर त्यांनी घेतला हुता. नारळ घेतला म्हंजे शब्द दिला, हे शब्द मोडनारातले न्हाईत. मग —

काय? कसला नारळ म्हनले? नीट सांगा, भाऊजी, मोघम नका बोलू.

कुंकू. व्हय, लावलं हुतं मी कुंकू. नारळाला कुंकू लावतातच की, बोडका कसा द्यायाचा? माझ्याच करंड्यातलं लावलं, बोटानं. मग?

अंगारा. नाथाच्या नारळाला अंगारा असतो. कुंकू न्हाई, कधीच न्हाई, अंगारा. आगं बया. आगं बया बया. दर साली ह्या ओट्यावर नारळ येतो, मीच पदर पसरून घेते, मीच देव्हाऱ्यात ठिवते, राखेची बोटं पदराला पुसते, अन् त्या दिशी — त्या दिशी माझं डोकं कुठं हुतं! म्हंजे त्यांनी बघितल्या बघितल्या वळखलं. फिरवून फिरवून बघत हुते ते हेच. अन् घाल म्हनले. सारं वळखून घाल म्हनले.

मग कशासाठी घेत्यात ते नळीनं? आमटी आपली न्हाई हे ठावं असून? तुमी इचारलं न्हाई? — इचारलं. काय म्हनले मग? त्यांच्याच शब्दांत सांगा.

परत सांगा.

"कमिटीचा नारळ असता तर परत केला असता, बिभीषण. तिनं तिचं कुंकू लावून आनला हुता. त्याला न्हाई कसं म्हनू?"



न्हाई, पानी नको. काय न्हाई झालं मला. ऱ्हाऊ द्या हात, उठते माझी मी. एवढं सांडलं की हे फडक्यावर, परत गाळावं लागंल.

उठा, भाऊजी. जावा तुमी. रागानं न्हाई म्हनत, पन जावा. आचारी बघा चांगला, त्याला म्हनावं घाई करू नको. अन् तुमी मला हे सांगितलेलं न्हाई. त्यांना वाटू द्या मला काय ठावं न्हाई. मी सोमवारी सकाळी म्हनीन, डॉक्टरांनी तारीख अलीकडं घेतली हो, भंडारा हुकला आपला. ते म्हनतील, हुकू दे. तसंच होऊ द्या ते. त्याच्यात काय लबाडी न्हाई — असली तरी आमच्या दोघांतली हाय. मागच्या वाटेनं जावा, छपराकडनं. पुढं खिडकी हाय.

जावा म्हनते ना, जागे झाले. जावा.

— आले ओ! कुनी न्हाई, कुनी न्हाई. माझी मीच बोलत हुते. उठून बसा, आनते गाळून.